तेरा मीटर ऐंशी सेंटीमीटर

कागदाची पट्टी आम्ही तीनदा मोजली. रुंदी वीतभर, लांबी तेरा मीटर ऐंशी सेंटीमीटर. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं प्रमाण धरलं होतं. त्या हिशेबाने एक मीटर म्हणजे एक अब्ज वर्षं, आणि अख्खी पट्टी म्हणजे विश्वाचं आजवरचं वय: १३.८ अब्ज, म्हणजे १,३८० कोटी वर्षं. खोलीत ती मावेना, म्हणून लांब व्हरांड्यात अंथरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांवर जाड पुस्तकं ठेवली. मग भूशास्त्राच्या मॅडमनी माझ्या हातात पेन्सिल दिली. म्हणाल्या, "तुम्ही इतिहासाच्या. तुमचा इतिहास सुरू होतो तिथे रेघ मारा बरं."

मी हिशेब केला. लिहिलेली साधनं साधारण पाच हजार वर्षांपूर्वीपासूनची. पट्टीवर त्यांची जागा मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. साध्या कागदाची जाडीसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे या प्रमाणात एक लाख वर्षं. पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे पाच लाख वर्षं. आपल्या प्रजातीचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे मिळाले, ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. मी रेघ मारली असती तर माणसाच्या हातून आजवर जे काही घडलं ते सगळं त्या शिशाखाली गेलं असतं. पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ वाकून बसले आणि ती तशीच परत दिली.

मी बावीस वर्षं इतिहास शिकवते. अस्सल कागद कोणता आणि मागाहून रचलेली हकिकत कोणती हे ओळखणं, एका साधनाला दुसऱ्याचा दुजोरा मिळतो का ते पाहणं, हे माझं काम. विश्वाच्या उत्पत्तीपासून आजपर्यंतचा इतिहास सगळ्या विद्याशाखा एकत्र आणून अभ्यासायचा, असा एक गट जमतो आहे हे कळलं तेव्हा मनात जेवढी ओढ होती तेवढाच संशयही होता. कल्पना नवी नव्हती. डेव्हिड ख्रिश्चन हे मुळात रशियाच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी १९८९ मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात असा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे 'बिग हिस्टरी' हे नाव रूढ झालं. आम्ही आपसात 'महाइतिहास' म्हणू लागलो. संशय एवढ्यासाठीच, की एवढी लांबलचक गोष्ट एका दमात सांगायची म्हटली की ती फार गुळगुळीत होते. महास्फोट झाला, तारे पेटले, पृथ्वी झाली, जीव आले, माणूस आला, कारखाने आले. बखरीसारखं सगळं ओळीने. आणि कशावरून, हे कुणी विचारत नाही.

हे मी पहिल्याच बैठकीत बोलून टाकलं. भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, ते फार गंभीरपणे घेतलं. त्यांनी नियमच घातला: पट्टीवर कोणतीही खूण करायची तर आधी 'कशावरून?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आणि ते उत्तर त्या विषयातल्या माणसाने द्यायचं नाही. परक्या विषयातल्याने शिकून येऊन द्यायचं. आम्ही सात जण होतो: भौतिकशास्त्र, भूशास्त्र, जीवरसायन, गणित, समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि इतिहास. दर शनिवारी दुपारी, दीड वर्ष. या नियमामुळे सरांना मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्या कशा वाचल्या गेल्या ते शिकावं लागलं आणि मला ताऱ्यांचा वर्णपट.

माझ्या वाट्याला पहिलं विधान आलं, 'तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत.' कशावरून? ताऱ्याचा प्रकाश पसरवून पाहिला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात, एवढं मी वाचून गेले होते. ज्याच्या रेघा ठळक ते द्रव्य जास्त, असं मी सांगितलं. सरांनी विचारलं, "मग सूर्यात लोखंड आणि कॅल्शियमच्या रेघा एवढ्या ठळक आहेत, त्याचं काय करायचं?" मला उत्तर आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द खगोलशास्त्रज्ञही याच वाटेने गेले होते आणि सूर्यातल्या द्रव्यांचं प्रमाण पृथ्वीसारखंच असावं असं मानत होते.

पुढचे तीन शनिवार मी त्याच एका प्रश्नावर होते. १९२० मध्ये मेघनाद साहांनी दाखवून दिलं की वर्णपटातली रेघ किती ठळक दिसेल हे तापमानावर आणि दाबावरही अवलंबून असतं, कारण अणूतून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटून जातात हे त्यावर ठरतं. ते समीकरण हाताशी धरून सेसिलिया पेन यांनी हार्वर्डच्या वेधशाळेतल्या वर्णपटांचा हिशेब पुन्हा मांडला. १९२५ च्या त्यांच्या प्रबंधात हायड्रोजन धातूंच्या मानाने सुमारे दहा लाखपट निघाला. हेन्री नॉरिस रसेल यांना, त्या काळातल्या सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञांपैकी एकाला, हे पटलं नाही. आणि प्रबंधात पेन यांनी स्वतःच्याच आकड्याबद्दल लिहिलं की तो बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले.

हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एक तर त्या पंचवीस वर्षांच्या बाईला आपल्याच हिशेबावर काट मारावी लागली, हे मनाला लागलं. आणि दुसरं असं, की माझ्या विषयातला पहिला धडा मला आकाशात सापडला होता. कागदात जे ठळक लिहिलेलं असतं तेच घडलं असं नसतं. तो कोणत्या परिस्थितीत, कोणत्या दबावाखाली लिहिला गेला ते आधी पाहायचं असतं. साहांचं समीकरण ही ताऱ्यांच्या कागदपत्रांची साधनचिकित्सा आहे. हे वाक्य मी शनिवारी बोलून दाखवलं तेव्हा सर काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून मी गणिताला घाबरणं सोडलं.

विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाची खूण करायला मात्र फार वेळ लागला नाही. १९६४-६५ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच खरखर येत होती, तो महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश होता. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश आहे. पट्टीच्या पहिल्या टोकापासून ही जागा ०.३८ मिलिमीटरवर येते. म्हणजे सुरुवातीच्या टोकाला विश्व पारदर्शक झालं ती घटना आणि शेवटच्या टोकाला अख्खी मानवजात, दोन्ही पेन्सिलीच्या एकेका रेघेत दडतात. गणिताच्या शिक्षकांनी हे दाखवलं तेव्हा आम्ही दोन्ही टोकांना जाऊन पुन्हा पुन्हा पाहिलं.

भांडणं झाली ती शब्दांवरून. खगोलशास्त्रात हीलियमपेक्षा जड असलेलं सगळं 'धातू'. म्हणजे कार्बनही धातू आणि ऑक्सिजनही. जीवरसायनात संशोधन करणारी आमच्यातली सर्वांत तरुण मुलगी हे ऐकून उठून उभीच राहिली. सर 'ताऱ्यांची उत्क्रांती' म्हणायचे आणि ती म्हणायची, "सर, एकच तारा म्हातारा होतो आहे. पिढ्या नाहीत, वारसा नाही, निवड नाही. ही उत्क्रांती कशी?" तिचं बरोबर होतं, आणि सरांचा शब्दही त्यांच्या विषयात रुळलेला होता. मॅडमच्या तोंडी 'अलीकडे' म्हणजे दहा-वीस हजार वर्षं. आणि पुरातत्त्वात 'आजपासून इतकी वर्षं आधी' असं लिहितात तेव्हा तो 'आज' म्हणजे १९५० साल, हे मला कितीदा तरी वाचूनही लक्षात आलं नव्हतं. किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीसाठी ते साल पक्कं केलेलं आहे. पुढे अणुचाचण्यांमुळे हवेतल्या त्या कार्बनचं प्रमाण १९६० च्या दशकात जवळजवळ दुप्पट झालं, त्यामुळे नंतरचा 'आज' मोजणीला चालणारही नाही. आमच्या ग्रंथपाल ताईंनी अशा शब्दांची एक वही केली. एका बाजूला शब्द, समोर तो कोण कोणत्या अर्थाने वापरतं. शेवटी त्यात साठएक शब्द झाले. विद्याशाखा एकत्र आणायच्या म्हणजे काय करायचं असतं, हे मला त्या वहीने जेवढं शिकवलं तेवढं कोणत्याही व्याख्यानाने शिकवलं नाही.

मग घड्याळं आली, आणि मी त्यांत पुरती गुंतले. वयं मोजायची कशी? पृथ्वीच्या वयाचा वाद शिकवताना मी स्वतः एक सोपी गोष्ट सांगत आले होते. लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचं वय काढलं, आधी २ ते ४० कोटी वर्षं, पुढे उतरत्या वयात २ ते ४ कोटी. भूशास्त्रज्ञांना आणि डार्विनला हा काळ फार अपुरा वाटत होता. मग १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लागला, पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा वेगळा साठा आहे हे कळलं आणि केल्व्हिन चूक ठरले. मॅडमनी मला थांबवलं आणि जॉन पेरी यांचं काम वाचायला लावलं. पेरी हे केल्व्हिन यांचेच एके काळचे सहायक. त्यांनी १८९५ मध्ये, किरणोत्सर्गाच्या शोधाआधीच, दाखवलं होतं की पृथ्वीच्या पोटातलं द्रव्य हळूहळू वाहत असेल आणि आतली उष्णता वर आणत असेल तर केल्व्हिन यांचा सगळा हिशेब कोसळतो, वय अब्जांत जाऊ शकतं. केल्व्हिन यांची मुख्य चूक तीच होती. किरणोत्सर्गाची उष्णता धरूनही त्यांच्या पद्धतीत वय फारसं वाढत नाही. इतकी वर्षं मी वर्गात बखरीतली गोष्ट सांगत होते. पुढच्या सोमवारी वर्गात जाऊन मी ती दुरुस्त केली.

क्लेअर पॅटरसन यांची हकिकत मात्र मी कुणी न सांगता दोनदा वाचली. युरेनियमचं शिसं होण्याचा वेग ठरलेला आहे; युरेनियम-२३८ चा अर्धा साठा सरायला सुमारे ४.४७ अब्ज वर्षं लागतात. उल्केतल्या शिशाच्या प्रकारांचं प्रमाण मोजलं की सूर्यमालेचं वय निघतं. पण पॅटरसन यांच्या नमुन्यांत प्रत्येक वेळी जास्तीचं शिसं येत होतं. ते हवेतून येत होतं, भांड्यांतून येत होतं, माणसांच्या अंगावरून येत होतं. त्यांनी अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि १९५६ मध्ये आकडा प्रसिद्ध केला: ४.५५ अब्ज वर्षं, सात कोटींनी इकडेतिकडे. तो आजही जवळजवळ तसाच उभा आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. एवढं शिसं हवेत येतं कुठून, याचा माग काढत ते समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेले आणि वाहनांच्या इंधनात मिसळल्या जाणाऱ्या शिशापाशी पोहोचले. त्याविरुद्ध ते वर्षानुवर्षं लढले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. पृथ्वीचं वय आणि लहान मुलांच्या रक्तातलं विष हे एकाच वहीत मोजलं गेलं होतं. विद्याशाखांच्या भिंती माणसाला किती महागात पडू शकतात, आणि एखाद्याने त्या मानल्या नाहीत तर काय हाती लागतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

याच महिन्यांत माझ्या विषयाला पहिल्यांदा मान वर करता आली. विलर्ड लिबी यांनी कार्बन-१४ ची, म्हणजे त्याच किरणोत्सारी कार्बनवरून वय मोजण्याची पद्धत बसवली तेव्हा ती खरी कशावरून, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी १९४९ मध्ये ती ताडून पाहिली ती वय आधीच ठाऊक असलेल्या वस्तूंवर, आणि त्यांत इजिप्तच्या राजा जोसरच्या थडग्यातलं लाकूड होतं, इसवी सनापूर्वी सुमारे २६५० चं. ते वय ठाऊक होतं कशावरून? राजांच्या यादींवरून, शिलालेखांवरून, आम्हा लोकांच्या किचकट जुळवाजुळवीवरून. भौतिकशास्त्राच्या घड्याळाला पहिली किल्ली इतिहासाने दिली होती. खेकडा तेजोमेघाचंही तसंच. चिनी ज्योतिष्यांनी १०५४ सालच्या जुलैत एक 'पाहुणा तारा' नोंदवला, तेवीस दिवस तो दिवसाढवळ्या दिसत होता. आज त्या जागी स्फोटाचा पसारा फाकताना दिसतो आणि फाकण्याचा वेग उलटा मोजत गेलं तर साधारण त्याच काळात पोहोचायला होतं. हे दोन पुरावे मी मांडले तेव्हा माझा आवाज थोडा कापत होता. अभिमानच होता तो.

आठ-नऊ महिन्यांनी समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एक आक्षेप घेतला, आणि त्याने गट मोडतो की काय असं वाटलं. ते म्हणाले, "या पट्टीवर एकही दुष्काळ दिसत नाही. गुलामांचा व्यापार दिसत नाही. ज्या अंतरावरून माणसाचं दुःख दिसतच नाही, तिथून पाहिलेल्याला इतिहास का म्हणायचं?" त्याच सुमारास आम्ही खगोलभौतिकशास्त्रज्ञ एरिक चेसन यांची ऊर्जेची मांडणी तपासत होतो: एक किलो द्रव्यातून दर सेकंदाला किती ऊर्जा वाहते. मी स्वतः गणित केलं. सूर्याचं निघतं किलोमागे सुमारे ०.०००२ वॅट, माणसाच्या शरीराचं एक वॅटच्या वर. म्हणजे किलोला किलो धरलं तर आपण सूर्याच्या काही हजार पट. आणि आजच्या जगात दर माणशी दोन हजार वॅटहून अधिक ऊर्जा खर्च होते, म्हणजे तो आकडा आणखी कितीतरी वर जातो. मला ही मांडणी आवडली होती. सहकारी म्हणाले, "दर माणशी म्हणजे कोणत्या माणशी? सरासरी काढली की कोण किती जाळतो हे पुन्हा झाकलं गेलंच ना?" ते खरंच होतं, आणि त्याचं उत्तर विश्वाच्या पट्टीवरून देता येत नव्हतं.

त्यावर गणिताच्या शिक्षकांनी दुसरी पट्टी आणली. हिच्यात मोजणी आजपासून मागे जाते आणि प्रत्येक मीटरला काळ दहापट होतो: पहिला मीटर एक ते दहा वर्षं, दुसरा दहा ते शंभर, तिसरा शंभर ते हजार, असं करत दहाव्या मीटरला दहा अब्ज, आणि वर चौदा सेंटीमीटर. मी आधी विरोध केला. हा काळाला दिलेला बाक आहे असं मला वाटलं. पण खुणा करत गेलो तसं लक्षात आलं की या पट्टीवर ऐंशी वर्षांचं एक आयुष्य जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटीमीटर घेतं. लिखित इतिहास तीन मीटर सत्तर. आपली प्रजाती साडेपाच मीटरपर्यंत. आणि पृथ्वीच्या आधीची नऊ अब्ज वर्षं, जी पहिल्या पट्टीवर सव्वानऊ मीटर होती, ती इथे शेवटच्या पन्नास सेंटीमीटरमध्ये बसली. समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांनी खाली बसून पहिल्या दोन मीटरवर बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली आणि दोन तास ते उठले नाहीत. तेव्हापासून आम्ही दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी अंथरतो. एकीवर जे दिसेनासं होतं ते दुसरीवर शोधायचं.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाने एका साध्या वस्तूचा महास्फोटापासूनचा इतिहास लिहायचा होता. अशा लेखनाची पद्धत ॲमस्टरडॅम विद्यापीठात एस्थर क्वाडाकर्स यांनी बसवली आहे. मी लोखंडी खिळा घेतला. पेन यांच्या प्रबंधापासून ठळक पण फसव्या रेघांचं ते लोखंड डोक्यातून जात नव्हतं.

महास्फोटात लोखंड तयार झालं नाही. तेव्हा बनलं ते जवळजवळ सगळं हायड्रोजन आणि हीलियम. लोखंड घडतं ते ताऱ्यांच्या स्फोटांत, आणि जन्मतः ते निकेल असतं. निकेल-५६ चा निम्मा साठा सहा दिवसांत कोबाल्ट होतो, कोबाल्टचा निम्मा साठा सत्त्याहत्तर दिवसांत लोखंड होतो. कशावरून? २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठा मॅगेलनिक मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला. त्याचा उजेड पुढे ज्या गतीने मंदावत गेला ती बरोबर सत्त्याहत्तर दिवसांची गती होती, आणि कोबाल्टच्या गॅमा किरणांच्या खुणाही उपग्रहाने टिपल्या. लोखंड जन्माला येताना माणसाने पाहिलं आहे, हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. मी आठवीत असतानाची गोष्ट ती, आणि आमच्या वर्गात कुणी त्याबद्दल बोललंही नव्हतं.

पृथ्वीच्या वस्तुमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग लोखंड आहे, पण बहुतेक सगळं पोटात, गाभ्यात. तो गाभा कुणी पाहिलेला नाही. भूकंपाच्या लहरी कुठे पोहोचतात आणि कुठे पोहोचत नाहीत यावरून तो ओळखला गेला, आणि त्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये दाखवलं. खिळ्यातलं लोखंड या गाभ्यातलं नव्हे. ते बहुधा प्राचीन समुद्राच्या तळाचं आहे. तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हता आणि लोखंड पाण्यात विरघळलेलं राही. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली तसं ते गंजून तळाशी बसत गेलं. थरावर थर, लाल आणि करडे. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवेतही ऑक्सिजन साठू लागला. आज खाणींतून निघणारं बहुतेक लोहखनिज अशाच थरांतलं आहे. किती गंज थेट जीवाणूंनी घडवला आणि किती निव्वळ ऑक्सिजनने, यावर अजून वाद चालू आहे, आणि आमच्या व्हरांड्यातही एक संपूर्ण शनिवार त्यावर गेला.

मग भट्टी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री खिळ्याकडे पाहताना सुचलं आणि सकाळी मी मॅडमना फोन केला. भट्टीत कोळसा जळतो, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. म्हणजे अडीच अब्ज वर्षांपूर्वी सूक्ष्म जीवांनी जे जोडलं ते माणूस सोडवतो. आणि सोडवतो कशाने? झाडांनी सूर्यप्रकाशात बांधलेल्या कार्बनने. "असंच आहे ना मॅडम?" म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "असंच आहे. आणि खिळा पावसात राहिला की काय होतं ते लिहायला विसरू नका." आज जगात वर्षाला १.८ अब्ज टनांहून जास्त पोलाद तयार होतं, आणि ऊर्जेच्या वापरातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ७ टक्के वाटा या एका उद्योगाचा आहे. त्या जुन्या गंजाचा ऑक्सिजन आपण कार्बनला बांधून परत हवेत सोडतो आहोत.

भट्टीच्याही आधी माणसाच्या हाती लोखंड होतं. इजिप्तमध्ये गेर्झेह इथल्या थडग्यांत इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे मणी सापडले. त्यांतल्या निकेलच्या प्रमाणावरून ते उल्केच्या लोखंडाचे आहेत हे ठरलं. तूतनखामेनच्या कट्यारीचंही तेच निघालं, २०१६ मध्ये. त्या लोकांनी आकाशातून पडलेला तुकडा ठोकून त्याचे मणी केले होते. पॅटरसन यांनी ज्या उल्कांवरून पृथ्वीचं वय काढलं त्यांतही लोखंडाच्या होत्या.

आणि शेवटचा परिच्छेद मी जीवरसायनवाल्या मुलीकडून तपासून घेतला. प्रौढ माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असतं. त्यातलं बरंचसं रक्तात, हिमोग्लोबिनच्या एकेका रेणूत चार-चार अणू, आणि काम तेच: ऑक्सिजन धरायचा, पण गंजायचं नाही. धरायचा आणि सोडायचा. मी खिळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. चार ग्रॅम भरला.

पट्टीवर अजून एक जागा कोरी आहे. शेवटच्या टोकापासून मागे मोजलं तर ४ मीटर ४० सेंटीमीटरवर ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन या खनिजाचे कण आहेत. ते घडले तेव्हा पृथ्वीवर पाणी असावं असं त्यांतल्या ऑक्सिजनवरून दिसतं. ३ मीटर ४८ वर तिथल्याच पिलबारा भागातले सूक्ष्म जीवांच्या चटयांचे दगड झालेले थर आहेत. मधल्या ९२ सेंटीमीटरमध्ये कुठेतरी रसायनांचं जीवन झालं. तिथे आम्ही तीनदा खूण केली आणि तीनदा पुसली, कारण 'कशावरून?' म्हटलं की उत्तर पुरं पडत नव्हतं. कागद तिथे खरखरीत झाला आहे. दुसऱ्या पट्टीवर तेवढाच काळ जेमतेम दहा सेंटीमीटर आहे, पण तिथेही कोराच.

येत्या शनिवारपासून तेवढाच भाग घ्यायचा ठरलं आहे. साध्या वायूंतून सजीवांना लागणारी रसायनं बनवून दाखवणाऱ्या, १९५३ च्या मिलर आणि युरी यांच्या प्रयोगापासून सुरुवात, मग २००० साली अटलांटिकच्या तळाशी सापडलेल्या 'लॉस्ट सिटी'च्या उष्ण झऱ्यांपर्यंत. नियमाप्रमाणे ते मांडायचं आहे मला. मी शाळेतलं रसायनशास्त्राचं पुस्तक पुन्हा पहिल्या धड्यापासून काढलं आहे, आणि आम्लं नि अल्कली येईपर्यंत तरी मध्ये काही वगळायचं नाही असं ठरवलं आहे.